पोवळ्याची जखम

फळी घेऊन लाटांवर स्वार व्हायला येणाऱ्या परदेशी पोरांना आमचे हे, नेमानी, होडीतून पोवळ्याच्या खडकातल्या खिंडीपर्यंत नेत. फिजीतल्या आमच्या बेटावर तीस वर्षं हेच काम केलं. पण होडीत पाय ठेवण्याआधी प्रत्येकाला यांचं पुराण ऐकावंच लागे.

"आधी गावप्रमुखाकडे नजराणा म्हणून पेयाच्या यंगोना मुळांची जुडी घेऊन जा. गावात टोपी काढा. रविवारी पाण्यात उतरायचं नाही. ओहोटीला लाट कितीही लाडात आली तरी खडकाकडे जायचं नाही. आणि पोवळ्यानं कापलं तर लगेच घासून धुवायचं. घासताना आई आठवली तरी थांबायचं नाही!"

ब्रेंडन नावाचा ऑस्ट्रेलियन गडी दरवर्षी येई आणि दरवर्षी कापून घेई. हे त्याचा पाय मांडीवर घेऊन ब्रशनं खसाखसा घासत, वर लिंबू पिळत. तो बोंब ठोके.

"एवढा आरडाओरडा माझ्या बायकोनं पाच बाळंतपणांत केला नाही," हे म्हणत.

"तुम्ही होता कुठं तेव्हा? समुद्रावर!" मी आतून सुनावत असे.

गेल्या मोसमात होडीचा अडकलेला नांगर सोडवताना यांच्याच तळपायात पोवळं घुसलं. अंगात साखरेचा आजार, त्यामुळे दुखलंच नाही. होडीचा दिवस बुडेल म्हणून मला सांगितलं नाही. रबरी बूट चढवले आणि अकरा दिवस दुसऱ्यांचे पाय धूत बसले. बाराव्या दिवशी वास आला, तेव्हा मी बूट ओढून काढला.

"जगाला शिकवता, आणि स्वतः?" मी किंचाळले.

"अगं वासिती, माझ्या कातडीला ते पोवळं ओळखतं," हे हसले. अंग तापानं फणफणलं होतं.

शहरात नेलं. पाय कापला, तरी माणूस हाती लागला नाही. यांचा राग मला अजून येतो. त्याहून जास्त माझाच येतो. एका चटईवर झोपणारी मी, मला पाय कसा दिसला नाही?

रिवाजाप्रमाणे यांच्या नावानं खिंड शंभर दिवस बंद होती. काल उघडली. ब्रेंडन पाच नवी पोरं घेऊन आला. होडीवर माझा दीर होता, तरी ब्रेंडन चढेना, म्हणून पोरंही चढेनात. सगळे माझ्याकडे बघत उभे. पुराण ऐकल्याशिवाय चढायचं कसं?

मग मीच सुरू केलं. यंगोना, टोपी, रविवार, ओहोटी. पोवळ्यापाशी येऊन थांबले.

"लगेच घासून धुवायचं, वहिनी," ब्रेंडन हळूच म्हणाला.

"ते नंतर," मी म्हणाले. "आधी घरच्या माणसाला दाखवायचं."