दूध मोजलंत, की ऐकलंत?

म्हशीनं शेपटी उचलली, लघवी केली आणि गोठ्यातले सगळे वाकून बघू लागले. लघवीचा रंग काळ्या कॉफीसारखा. काल मी इंजेक्शन देऊन गेले होते, तेव्हापेक्षा आज जास्तच गडद.

"म्याडम, हीबी जाणार का?" कांताबाईंनी विचारलं.

त्यातला 'बी' मला टोचला. मागच्या वर्षी त्यांची पहिली म्हैस अशीच लाल लघवी करत गेली होती. मी तेव्हा या दवाखान्यात रुजू व्हायची होते. गावानं मात्र निकाल देऊन टाकला होता, की बाईच्या दावणीला जनावर टिकत नाही. बोलणारे तोंडावर बोलत नसत, पण पाण्याला गेलं की कानावर येईल एवढ्या आवाजात बोलत. नवरा कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला. त्यामुळे गोठा सगळा बाईंचा, आणि बोलही त्यांनाच.

"ही गेली तर मी परत दावण बांधायची न्हाई," त्या म्हणाल्या. रडत नव्हत्या. ठरवून सांगत होत्या.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी दौंड तालुक्यात, भीमेकाठच्या एका गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर होते. लाल लघवीचं साधं सांगायचं तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि त्यांचा रंग लघवीत उतरतो. आमच्याकडं त्याची मुख्य कारणं दोन. एक, गोचीड चावून रक्तात शिरणारे जंतू. दुसरं, अंगातला फॉस्फरस कमी पडणं. हे दुसरं बहुतेक करून भरपूर दूध देणाऱ्या, नुकत्याच व्यालेल्या म्हशीला होतं, कारण फॉस्फरस दुधावाटे बाहेर जातो.

गोचिडाच्या जंतूंवरचं इंजेक्शन मी देऊन बसले होते. गुण नाही. रक्ताची स्लाइड केली, मायक्रोस्कोपखाली डोळे फुटेस्तोवर पाहिली. जंतू नाहीत. ताप नाही. मग दुसऱ्या कारणाकडं वळले आणि रोजचं दूध विचारलं. कांताबाई जमिनीकडं बघून म्हणाल्या, "आसंल चार लिटर." चार लिटरवाल्या म्हशीच्या अंगातून फॉस्फरस जाऊन जाऊन जाणार किती? मी ते कारण खोडलं. माझ्याकडं तिसरं कारण नव्हतं आणि म्हशीच्या डोळ्यांची आतली कड कागदासारखी पांढरी पडत चालली होती.

माझा एक बॅचमेट शिरूरला होता. त्यानं मला पशुवैद्यांच्या एका ई-ग्रुपवर घेतलं होतं. ई-ग्रुप म्हणजे एकानं मेल टाकली की देशभरातल्या सगळ्यांना जाते, ज्याला सुचेल तो उत्तर देतो. तशीच बुलेट काढून दौंड गाठलं. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बसून लिहिलं: अर्जंट. म्हशीला लाल लघवी. औषधानं गुण नाही. कृपया लगेच सांगा.

उत्तरं लगेच आली हे खरं. एकानं एक इंजेक्शन सांगितलं, दुसऱ्यानं त्याच्या अगदी उलट. एकानं लिहिलं, मूत्रपिंड गेलंय, नाद सोडा. एकानं सल्ला दिला की कुणा सिनियरला बोलवा. आता घ्या! पंचक्रोशीत सिनियर काय आणि ज्युनियर काय, मीच होते. यातलं काहीही अंदाजानं शिरेतून सोडायचं म्हटलं तर ते सोसण्याची म्हशीची ताकद उरली नव्हती.

शेवटचं उत्तर हरियाणातल्या एका निवृत्त प्राध्यापकांचं होतं. औषधाचं नाव एकही नाही. इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा: "तुमचं पत्र वाचून मला म्हैस दिसत नाही, फक्त तुमची घाई दिसते. मला म्हैस दाखवा. जे माहीत आहे ते ओळीनं लिहा आणि प्रत्येक ओळीपुढे टाका, हे स्वतः पाहिलं की कुणाकडून ऐकलं."

मला झोंबलं. इथं जनावर मरायला टेकलंय आणि हे मास्तर निबंध मागतायत. पण दुसरा उपाय नव्हता, म्हणून बसले लिहायला.

ताप नाही: पाहिलं. स्लाइडमध्ये जंतू नाहीत: पाहिलं. वैरण म्हणून नुसतं उसाचं वाढं, म्हणजे ऊसतोडीनंतरचे हिरवे शेंडे: पाहिलं, दावणीत तेच होतं. व्यायला पंधरवडा झाला: ऐकलं. पण रेडकू बघितलं होतं, वय जुळत होतं. दूध चार लिटर: ऐकलं.

तिथं माझा हात थांबला. दूध मी ऐकलं होतं, पण कास तर पाहिली होती. म्हैस दोन दिवस आजारी, तरी कास एवढी मोठी, पोटाखालच्या दुधाच्या शिरा दोरखंडासारख्या. चार लिटरवाल्या म्हशीची कास अशी असते होय? डोळ्यांनी एक पाहिलं होतं, कानांनी दुसरं ऐकलं होतं आणि मी कानांवर विश्वास ठेवून बसले होते. मेल अर्धवट ठेवली आणि परत गावाकडं निघाले.

वाटेत राग आला होता. खोटं बोलायचं असेल तर डॉक्टरला बोलवायचं कशाला? पण गोठ्यात कांताबाई म्हशीच्या मानेवर हात ठेवून उभ्या होत्या. सकाळपासून त्या तिथून हलल्या नव्हत्या, असं शेजारीण म्हणाली. शेजारणीला मी घरी पाठवलं.

'किती' हा शब्द मी काढलाच नाही. विचारलं, "कांताबाई, धार कशात काढता?"

त्यांनी स्टीलची बादली आणली.

"आजारी पडायच्या आधी सकाळी कुठपर्यंत भरायची?"

त्यांनी एकदा दाराकडं बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या घरात नजर-बिजर कुणी मानत न्हाई, म्याडम. मीबी मानत न्हाई. पण मागल्या वर्सी चारचौघीत दुधाचा आकडा बोलले आन् आठवड्यात म्हस गेली. तवापास्नं जीभच उचलत न्हाई."

"मग बोलू नका," मी म्हणाले. "पाणी ओता."

त्यांनी हंडा कलंडला. बादली अर्धी झाली, त्या थांबल्या नाहीत. काठापासून चार बोटं राहिल्यावर थांबल्या, बघितलं, आणखी थोडं ओतलं. मी ते घरातल्या लिटरच्या मापानं मोजलं. नऊ. मग संध्याकाळचं ओतलं. सात. सोळा लिटर दूध रोज अंगातून जात होतं आणि पोटात जात होतं उसाचं वाढं, ज्यात फॉस्फरस नावापुरता.

फॉस्फरसचं इंजेक्शन ना माझ्या दवाखान्यात होतं, ना दौंडच्या दुकानांत. शिरूरच्या मित्राला फोन केला. एरवी माझी टिंगल केल्याशिवाय बोलणं सुरू न करणारा माणूस, पण त्या दिवशी एकच वाक्य बोलला, "स्टँडवर जाऊन उभी राहा." त्यानं बाटल्या दौंडच्या एसटीत कंडक्टरच्या हातात दिल्या. मी त्या घेतल्या, सरळ गोठा गाठला आणि शिरेतून औषध सोडलं, थेंब थेंब, अगदी सावकाश.

दुसऱ्या दिवशी लघवी चहासारखी झाली. त्यानंतरच्या दिवशी पिवळी. म्हशीनं कोंडा हुंगला आणि खाल्ला, तेव्हा कांताबाई पहिल्यांदा खाली बसल्या.

बसल्या बसल्या म्हणाल्या, "पयलीलाबी वाढंच घालत हुते मी. तीबी दूध लई द्यायची." मग विचारलं, "मंग ती माझ्या बोलण्यानं न्हाई गेली?"

प्राध्यापकांच्या नियमानं ही ओळ ऐकीव होती. ती म्हैस मी पाहिली नव्हती, तिचं रक्त तपासलं नव्हतं. एरवी मी 'नसेल' म्हणाले असते.

"नाही," मी म्हणाले. "बोलण्यानं नाही गेली."

कांताबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या मागच्या वर्षीच्या म्हशीसाठी रडल्या. मी सिरिंज धुवत राहिले.

अर्धवट मेल मी नंतर पुरी केली, औषध आणि गुण दोन्ही लिहून. प्राध्यापकांचं उत्तर एका ओळीचं आलं: "आता म्हैस दिसली." पुढं मी त्या ग्रुपवर पुष्कळ वर्षं होते. कुणी नवा डॉक्टर 'अर्जंट' लिहून आला की त्याला औषध सांगायच्या आधी मी पाहिलं-ऐकलं विचारायचे. बरेच जण चिडायचे. काही जणांचं उत्तर लिहिता लिहिताच त्यांना सापडायचं आणि मग ते आभार मानायलाही परत यायचे नाहीत. चालायचंच.

महिन्याभरानं लसीकरणासाठी त्या वस्तीवर गेले. कांताबाईंच्या ओट्यावर तीन-चार बायका बसल्या होत्या. मी म्हशीची चौकशी केली, दुधाचं मुद्दामच विचारलं नाही.

"चौदा देती," कांताबाई सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, आणि लगेच वळून गोठ्याकडं बघितलं. म्हैस उभी होती. रवंथ करत होती.