एका बाजूने अडणारे भोवरे

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पीएच.डी. करत होते. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या संस्थेतलं द्रव नायट्रोजन बनवणारं यंत्र बंद पडलं आणि माझं काम थांबलं. बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात ऑक्सिजन प्लांटला होते. हवेतून ऑक्सिजन काढताना तिथे द्रव नायट्रोजनही निघत असे. बाबांनी साहेबांची परवानगी काढली, आणि मी नमुने आणि व्होल्टमीटर घेऊन सेक्टरमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये राहायला आले.

नमुने नखाएवढे होते. काचेसारख्या चकतीवर अतिवाहकाचा पातळ थर, त्यावर चुंबकीय धातूचा आणखी पातळ थर. असा पदार्थ नायट्रोजनमध्ये बुडवला की त्यातून वीज विनारोध वाहते. पण जवळ चुंबक आणला की त्याचं क्षेत्र आत बारीक दोऱ्यांसारखं शिरतं आणि प्रत्येक दोऱ्याभोवती विजेचा भोवरा फिरू लागतो. प्रवाह वाढवला की हे भोवरे बाजूला ढकलले जातात, आणि ते सरकले की रोध परत येतो. वरच्या चुंबकीय थराने त्यांना जागच्या जागी अडवता येईल का, एवढाच माझा प्रश्न होता.

क्षेत्रासाठी तांब्याच्या तारेची कॉइल हवी होती. ती भिलाईतल्याच सुपेल्यात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गुंडाळून घेतली. दुकानदार पंप कोणता म्हणून विचारत राहिला. पंप नाही म्हटल्यावर त्याने पैसे आगाऊ मागितले. बाबा नायट्रोजनचं भांडं स्कूटरवर पायांमध्ये धरून आणत. मागच्या खोलीत मी ते थर्मासमध्ये ओतलं की पांढरी वाफ जमिनीवरून स्वयंपाकघरापर्यंत जाई. आई पदर खोचून तिच्यातून ये-जा करी. तिचा एकच आक्षेप होता, की मी वेळेवर जेवत नाही.

संस्थेत आम्ही प्रत्येक मोजमाप दोनदा घेत असू, एकदा प्रवाह सुलटा, एकदा उलटा, आणि दोन्हींची सरासरी. तारांच्या जोडांवर तापमानातल्या फरकाने येणारी चूक त्यामुळे निघून जाते. भिलाईत नायट्रोजन बेताचा होता, म्हणून एके दिवशी मी सगळी सुलटी मोजमापं आधी उरकली आणि उलटी नंतर घेतली. दोन्हींचे आलेख काढले तर ते जुळेनात. सुलट्या प्रवाहात भोवरे अडत होते. उलट्यात बऱ्याच लवकर सरकत होते.

पीसीओवरून माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला. जोड खराब असेल, सरासरी घे आणि पुढे जा, असं ते म्हणाले. मला ते पटण्यासारखंच वाटलं. तरी घरी येऊन बाबांना सांगितलं.

"मंग तुले काय वाटते?" त्यांनी विचारलं.

"जोड खराबच असेल, बाबा."

"मी तुले जोडाचं नाही विचारून राहिलो."

मी म्हटलं, चूक जोडाची नसून फरक खरा असेल, तर वरच्या थराचं चुंबकत्व उलटवल्यावर तोही उलटायला हवा.

"तर कर ना. नायट्रोजन मी आनतो."

बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधला चुंबक काढून वरच्या थराचं चुंबकत्व उलटवण्यासाठी मी तो नमुन्यावर उलट्या बाजूने दाबून धरला, मग दूर ठेवला आणि पुन्हा मोजलं. आता उलट्या प्रवाहात भोवरे अडत होते आणि सुलट्यात सरकत होते. तारा सोडून पुन्हा जोडल्या, तरी तेच. बाबा दारात उभे होते. झालं का, म्हणून त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते ड्यूटीवर निघून गेले. मी बराच वेळ आकड्यांकडे बघत बसले. आनंद झाला होता, पण तो कोणाला सांगावा ते कळत नव्हतं.

सरांनी प्रबंधात त्यावर एक परिच्छेद ठेवू दिला, जास्त नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक त्याच परिच्छेदावर थांबले. हे मोजमाप कुठे केलं, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, आमच्या प्रयोगशाळेत. मी म्हटलं, भिलाईला, घरी. परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न कॉइलबद्दल विचारला.

पुढे मला रायपूरच्या एका कॉलेजात नोकरी लागली. तिथे नायट्रोजन मिळत नसे आणि नमुने संस्थेतच राहिले, त्यामुळे ते काम तेवढ्यावरच थांबलं. मी भिलाईहून कुम्हारीमार्गे बसने जा-ये करू लागले आणि बी.एस्सी.च्या मुलांना विद्युतचुंबकत्व शिकवू लागले.