मशीन नाव घेत नाही

“काका, मशीन तुमचं नाव घेऊन न्हाई राहिली.”

क्लार्कने हे पंचायत समितीच्या सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं सांगितलं. समोर शिरड शहापूरहून आलेले एक म्हातारे उभे होते. घरकुलाचा अर्ज भरायला तिसऱ्यांदा आलेले. आधी दोनदा पावती मिळाली होती, पण यादीत नाव आलंच नव्हतं.

“काहून घेत न्हाई?”

“कचरू नाव ठेवल्यावर ती तरी काय करंल? झाडून टाकलं तिनं.”

रांग हसली. म्हातारेही कसनुसं हसले. मग टेबलावर वाकून मला विचारलं, “बाई, दुसरं एखादं नाव टाकलं तर घेईल का ती?”

मी क्लार्कच्या शेजारी लॅपटॉप उघडून बसले होते. अर्जांचं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं. अर्ज कुठे गायब होतात ते बघायला मला पाठवलं होतं, कारण मी याच जिल्ह्यातली.

मी हसले नाही. पण मान खाली घातली. माझ्या वडिलांचं नाव कचरू आहे.

आजीची आधीची दोन लेकरं गेली होती. तिसरं झालं तेव्हा सुईणीने ते उकिरड्यावर ठेवलं आणि परत उचललं. टाकून दिलेलं पोर मरण नेत नाही, अशी समजूत. म्हणून कचरू. पोर जगलं. डोंगरकडा गावात, आमच्या बौद्ध वस्तीत, शिलाई मशीन चालवून त्याने मला हिंगोलीच्या इंग्लिश मीडियममध्ये घातलं. तिथे बाईंनी हजेरीला माझं पूर्ण नाव वाचलं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “कचरागाडी आली!” वर्ग हसला. बाईही हसल्या. तेव्हापासून मी मधलं नाव फक्त ‘के.’ लिहीत आले. वहीवर, कॉलेजात, ऑफिसच्या ई-मेलवर. वडिलांनी एकदाही विचारलं नाही. त्यांना कळत होतं. हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

मी कोड उघडला. सापडायला अर्धा तासही लागला नाही. एक ओळ होती. अर्जदाराचं नाव कचरू असेल तर अर्ज चाचणीचा समजावा, यादीत घेऊ नये.

सॉफ्टवेअर तयार होताना आम्ही खोटे अर्ज भरून बघतो. नंतर ते गाळतो. ओळ कुणी लिहिली, आधी तिथे काय होतं, तेही बाजूला नोंदलेलं असतं. आमचे टीम लीड. मंजूर व्हायच्या खोट्या अर्जांना त्यांनी स्वतःच्या आत्याचं, मामांचं नाव दिलं होतं. ती नावं मी त्यांच्या लग्नपत्रिकेत वाचली होती. नामंजूर व्हायच्या अर्जांना कचरू. आत्या आणि मामा त्यांनी नंतर आठवणीने काढून घेतले. कचरू तसाच राहिला.

त्यांना पुण्याला फोन लावला.

“अगं, गार्बेज डेटा. गार्बेज म्हणजे कचरा, म्हणून कचरू. लक्षात राहायला सोपं.” ते मोकळेपणाने हसले. “असं नाव खरंच कुणाचं असतं का?”

दारातून व्हरांडा दिसत होता. म्हातारे तिथे उकिडवे बसले होते, मांडीवर कागदांची पिशवी.

“माझ्या वडिलांचं आहे, सर.”

“तू कधी सांगितलं नाहीस.”

म्हणजे चूक माझी.

“बरं, ओळ काढून टाक. रिपोर्टमध्ये तांत्रिक अडचण लिही. क्लायंटला बाकी काही सांगत बसू नकोस. आणि इमोशनल होऊ नकोस, तू हुशार मुलगी आहेस.”

तांत्रिक अडचण. मशीन घेत नाही. सर्व्हर डाऊन आहे. आमच्या जिल्ह्यात माणसं ही वाक्यं ऐकून मुकाट्याने परतीच्या जीपमध्ये बसतात. मशीन ‘नाही’ म्हणालं की कुणीच ‘नाही’ म्हटलेलं नसतं. शिवी असते, शिवी देणारा नसतो. मी इतकी वर्षं तेच सॉफ्टवेअर लिहीत होते आणि त्याला प्रगती म्हणत होते.

ओळ काढली. मग रिपोर्ट लिहिला. कारण: चाचणीतला कचरा ओळखण्यासाठी कचरू हे नाव वापरलं. त्यामुळे या नावाच्या खऱ्या माणसांचे अर्ज गाळले गेले. ओळ कुणाची, तेही लिहिलं. कार्यालयाला आणि कंपनीला एकाच वेळी पाठवला.

दहा मिनिटांत सरांचा फोन. “मेल चुकून गेला म्हणून कळव. करिअर करायचंय ना इथे?”

“चुकून नाही गेला.”

व्हरांड्यात गेले. म्हाताऱ्यांना सांगितलं, “काका, मशीनमध्ये बिघाड नव्हता. आमच्या एका माणसाने तुमचं नाव कचरा म्हणून गाळलं होतं. मी त्याच कंपनीची.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. डोक्यावर हात ठेवला नाही, पोरी म्हणाले नाहीत.

“तोंडी नको. लिहून दे.”

बरोबर होतं. मी रिपोर्टची प्रत छापली, सही केली, त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी पिशवीत घातली आणि पुन्हा रांगेत उभे राहिले.

या नावाचे आणखी अर्ज गाळलेले आहेत. ज्यांचे आहेत त्या प्रत्येकाला मी ही प्रत देणार आहे, सहीनिशी. कंपनीने काढलं तरी घरोघर जाऊन देईन. आणि यापुढे माझ्या हातून कुठल्याही कागदावर तांत्रिक अडचण लिहिली जाणार नाही. ज्याने केलं त्याचं नाव लिहिलं जाईल.