भाऊजींच्या बॅनरवरची आकृती

ज्यांनी आमच्या भाऊजींना घरी बसवलं, त्यांनीच आज त्यांचा बॅनर लावलाय. तोही चुकीचा.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मुंबईत हिंदमाताजवळच्या एका क्लासमध्ये बावीस वर्षं फिजिक्स शिकवलं. आज त्यांचं वर्षश्राद्ध.

क्लासच्या दारावर त्यांचा फोटो. "आमचे लाडके सर." खाली ॲडमिशनचा नंबर. आणि शोभेला फिजिक्सची आकृती: धावता गोळा, त्याच्या रेषा शेपटीसारख्या मागे उडालेल्या.

हीच चूक खोडण्यात त्यांचा जन्म गेला. आता नवीन मुलं ती त्यांच्याच नावावर शिकणार.

मी जुनी मॅट्रिक. मला कसं कळलं?

एका गुरुवारी दारात रांगोळी काढत होते. मधे ठिपका, चहूकडे सरळ रेषा. भाऊजी चपला हातात घेऊन उभे.

"वहिनी, हा झाला विजेचा थांबलेला चार्ज. त्याच्या फील्डच्या रेषा अशाच, सगळीकडे सारख्या. आता तो एकाच वेगाने सुसाट निघाला, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने. मग?"

"मागे उडतील. पदरासारख्या."

"सगळी पोरं हेच सांगतात," म्हणाले, आणि उकिडवे बसून माझी रांगोळी मोडली.

रेषा सरळच ठेवल्या. फक्त दोन्ही कुशींना दाट, पुढे-मागे विरळ.

"वेग बदलत नाही, तोवर रेषा मागे राहत नाहीत. तो आत्ता जिथे आहे, तिथूनच निघतात."

वर्गात या आकृतीला त्यांनी दोन तास दिले. मालक म्हणाला, "सर, एका मार्कासाठी? पाठ करून घ्या ना."

भाऊजींनी तिसरा तासही घेतला. महिनाअखेरीस नारळ मिळाला.

आज सकाळी मालकाला फोन केला.

"काकू, डिझायनरने टाकलंय ते. कोण बघतंय?"

अशा माणसाशी बोलून तोंड कशाला विटाळायचं.

श्राद्धाच्या दिवशी आपल्या दारात रांगोळी काढत नाहीत. त्यांच्या दारात काढू नये, असं कुठे सांगितलेलं नाही.

कावळा शिवला, जेवणं उरकली, आणि मी रांगोळीचा डबा घेऊन गेले. बॅनरच्या बरोब्बर खाली भाऊजींची आकृती काढली. चांगली हातभर.

मालक बाहेर आला. "हे काय, काकू?"

"दुरुस्ती. ओलांडून जा, पुसू नका."

बराच वेळ मान वाकडी करून बघत राहिला. "पण हा चार्ज चाललाय कुठे? दादरला की परळला?"

फिजिक्सचा क्लास चालवतो हा.

"रेषांवरून कळत नाही," म्हटलं. "पुढे-मागे सारखंच असतं. येतोय की जातोय, सांगता येत नाही."

बॅनर अजून तसाच आहे. तिथून जाणाऱ्यांनी वर बघू नये, खाली बघावं.

भाऊजी, आकृती तपासून घ्या.

वहिनीचा नमस्कार.