बाबा बाजूच्या सीटवर

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबा माझ्याकडे जबलपूरला आले, तेव्हा मला इथे येऊन तीन वर्षं होत आली होती. मी एका कॉलेजात गणित शिकवते. इथल्या गोरखपूर भागात बाजारामागे दोन खोल्यांचं भाड्याचं घर आहे, त्यात एकटी राहते. तीन वर्षांत त्यांचं यायचं चारदा ठरलं आणि चारदा मोडलं. कधी आईचे गुडघे, कधी गावातलं लग्न. म्हणून या वेळी ते खरोखर आल्यावर मी एक पूर्ण रविवार त्यांच्यासाठी राखून ठेवला आणि शनिवारी संध्याकाळी कागद-पेन घेऊन बसले.

गणिताच्या बाईनं आखावा तसाच मी दिवस आखला होता. सकाळी साडेसहाला मदनमहालचा किल्ला, मग तिथलेच एकावर एक तोललेले खडक, मग संग्रहालय, मग भेडाघाट, तिथला धुआँधार धबधबा, होडी, चौसष्ट योगिनींचं मंदिर आणि संध्याकाळी ग्वारीघाटावरची आरती. प्रत्येक गोष्टीपुढे वेळ लिहिलेली.

बाबांनी चष्मा लावला आणि कागद हातात घेतला. एकतीस वर्षं त्यांनी वर्ध्याहून सरकारी लाल बस चालवली आहे. अशा कागदाकडे पाहायची त्यांची एक पद्धत आहे. आधी शेवटची वेळ पाहतात, मग पहिली.

"यात मुतारीला कुठं थांबायचं?" त्यांनी विचारलं.

मी कागद पुन्हा पाहिला. तशी वेळ कुठेच धरली नव्हती.

"आणि चौसष्ट योगिनीले पायऱ्या किती?"

"शंभराच्या वर असतील."

"मग तुझी आई काय उडून जाईन?"

आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "माझ्यासाठी काही पाहू नका बाप्पा. मले नर्मदेत होडीत बसायचं, एवढंच. बाकी तुमचं तुम्ही ठरवा."

बाबांनी समजावल्यासारखं सांगितलं, "म्हातारे पॅसेंजर असले की दिवसाले दोन ठिकाणं. तिसऱ्या ठिकाणी कोणी उतरत नाही. नुसते खिडकीतून पाहतात अन् म्हणतात, झालं, चला."

"पण तुम्ही एवढ्या लांब आलात तर…"

"मी आलो होतो ना पहिले. भेडाघाटले. तू सातवीत असशीन. गावातल्या लोकांची सहल घेऊन आलो होतो, नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलावरून."

हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "मग धुआँधार कसा वाटला होता?"

"पाहिला नाही. रात्रीच परत निघायचं होतं. लोक पाहाले गेले, मी गाडीत झोपून घेतलं."

ते अगदी सहज बोलले. पण मी हळूहळू एकेक विचारत गेले. चिखलदरा? रामटेक? पचमढी? सगळीकडे ते जाऊन आले होते, आणि सगळीकडे त्यांनी पाहिलं होतं ते गाड्या उभ्या करायचं मैदान आणि जवळची चहाची टपरी. पचमढीचा चहा चांगला होता म्हणाले. लहानपणी आमच्या वर्गातल्या मुली म्हणायच्या, तुझी काय मजा आहे, तुझे बाबा रोज फिरतात. मीही ते खरं मानून मिरवत असे.

मी पेन घेऊन कागदावरचं सगळं खोडलं. धुआँधार आणि होडी, एवढंच ठेवलं.

"आता बरोबर," बाबा म्हणाले. "गाडी कोणाची?"

हाच प्रश्न मी दोन दिवस टाळत होते. खाली जी राखाडी गाडी उभी होती ती घरमालकांची असेल असं ते धरून चालले होते. ती माझी होती. वर्षभरापूर्वी जुनी विकत घेतली होती आणि सदतिसाव्या वर्षी मी चालवायला शिकले होते. घरी कळवलं नव्हतं. कॉलेजात असताना मी बाबांच्या मागे लागले होते, मला स्कूटर शिकवा म्हणून. त्यांनी साफ नाही म्हटलं होतं. "रस्त्यावर मी काय काय पाहिलं ते तुले सांगू शकत नाही," एवढंच म्हणाले होते, आणि त्यांचा चेहरा पाहून मी पुन्हा कधी विचारलं नाही.

"गाडी माझी आहे बाबा. मीच चालवते."

आईचं लाटणं थांबलं. बाबांनी हात पुढे केला. "लायसन दाखव."

मी आणून दिलं. त्यांनी ते दिव्याखाली धरून दोन्ही बाजूंनी वाचलं. नाव, पत्ता, कधीपर्यंत चालतं ते. मग परत देत म्हणाले, "फोटो चांगला नाही आला." आणि जेवायला बसले.

सकाळी मी खाली उतरले तेव्हा ते आधीच गाडीपाशी होते. चारही टायरांना पायानं दाबून झालं होतं, खाली वाकून तेल गळतं का ते पाहून झालं होतं, आता रुमालानं आरसे पुसणं चाललं होतं. आरसे पुसून ते सवयीनं उजव्या दारापाशी जाऊन उभे राहिले. माझ्या हातात किल्ली पाहिली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. गाडीला वळसा घालून ते डावीकडे बसले.

धुकं होतं. मी सावकाश चालवत होते आणि माझी पाठ घामानं ओली झाली होती. प्रत्येक सिग्नलला माझ्या आधी बाबांचा उजवा पाय खाली दाबला जायचा. तिथे ब्रेक नव्हता, तरी दाबला जायचा. बोलत मात्र काही नव्हते.

शेवटी आईच मागून म्हणाली, "काहून हो, काही बोलून नाही राहिले?"

"ड्रायव्हरशी बोलू नये," बाबा म्हणाले.

भेडाघाटला पोचेपर्यंत ऊन पडलं. धुआँधारकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंना संगमरवराच्या मूर्तींची दुकानं, आणि समोरून एक मोठी टुरिस्ट बस आली. बाजूला सरायला जागा नव्हती. मागे ऑटो लागलेले. बसच्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून हाक दिली, "मैडम, पीछे लो!" मागे म्हणजे चढावर, तेही वळण घेऊन. मी एकदा प्रयत्न केला, गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा पुन्हा बंद पडली. हॉर्न सुरू झाले. एका दुकानदारानं चांगल्या मनानंच सांगितलं, "दीदी, अंकलजी को दे दो गाड़ी, वो निकाल देंगे।"

बाबा दार उघडून उतरले. मला सुटल्यासारखं वाटलं. मी पट्टा काढला, माझं दार उघडलं आणि एक पाय खाली ठेवला. बाबा माझ्याजवळ आले आणि त्यांनी ते दार बाहेरून हळूच ढकललं.

"बस तू. गाडी तुझी आहे. मी मागं उभा राहतो."

"बाबा, मला नाही जमणार. तुम्ही काढा ना."

"काहून नाही जमणार? घरापासून इथपर्यंत मीच आणली का? हँडब्रेक ओढ. चालू कर. अन् माझ्या आवाजाकडं लक्ष ठेव, हॉर्नकडं नको."

ते मागे गेले. आरशात मला दिसत होतं, त्यांनी दोन्ही हात वर करून ऑटोवाल्यांना थांबवलं, मग एकेकाला "भैया, थोडा पीछे, थोडा और" करत मागे सरकवलं. कितीतरी वर्षं कंडक्टर त्यांच्यासाठी जे करत आले ते आज ते करत होते. त्यांनी डिकीवर तळहातानं दोनदा थाप मारली.

"येऊ दे! येऊ दे… सरळ… आता उजवीकडं घे, पूर्ण घे… येऊ दे… बस!"

मी थांबले. गाडी दोन दुकानांमधल्या मोकळ्या जागेत अचूक उभी होती. बस अंगाला घासून जावी तशी शेजारून निघून गेली. जाताना तिच्या ड्रायव्हरनं बाबांकडे पाहून हात वर केला, आणि बाबांनीही केला. दुकानदार म्हणाला, "अरे वाह, दीदी!" मागच्या सीटवर आईनं डोळे उघडले आणि विचारलं, "झालं का?"

मला त्या क्षणी स्वतःचा अभिमान वाटला. पीएचडी मिळाली तेव्हाही वाटला होता, पण हा जास्त होता. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

धुआँधारला आम्ही आईच्या चालीनं गेलो. आधी आवाज आला, मग तुषार. कठड्याशी पोचल्यावर बाबा थांबले आणि बराच वेळ हलले नाहीत. नर्मदा खाली कोसळत होती आणि पांढरा धूर वर येत होता. त्यांचा चष्मा भिजला, तो त्यांनी काढला, पुसला, पुन्हा लावला. आजूबाजूला लोक फोटो काढत होते. मीही काढणार होते, पण फोन पर्समध्येच राहू दिला.

"त्या सहलीतले लोक परत आले तेव्हा सगळे ओले होते," ते म्हणाले. "मी म्हटलं, सीट भिजवू नका रे. रागावलोच जरासा." मग हसले. "असे भिजले होते तर."

होडीत आईनं सगळ्यात पुढची जागा धरली. दोन्ही बाजूंनी संगमरवराचे कडे, मध्ये हिरवं संथ पाणी. नावाडी यमक जुळवून एकेका खडकाची गंमत सांगत होता. आईला त्याचं हिंदी निम्मं समजत होतं, पण ती प्रत्येक वेळी सगळ्यांच्या आधी हसत होती. तिनं हात पाण्यात सोडला होता. गुडघ्यांचं नावही काढलं नाही.

परतताना ती पुढे बसली आणि बाबा मागे. तिलवाऱ्याकडे वळलो तोवर मागचं बोलणं थांबलं होतं. आईनं वळून पाहिलं आणि माझ्या हाताला हात लावला.

"पाहा," ती कुजबुजली. "झोपले. चालत्या गाडीत हे कधीच झोपत नाहीत. आमच्या लग्नाच्या वरातीतही ड्रायव्हरच्या मागं जागे बसले होते."

मी आरशात पाहिलं. तोंड किंचित उघडं, मान खिडकीला टेकलेली. गोरखपूरपर्यंत मी एकही हॉर्न वाजवला नाही.

बाजाराच्या कोपऱ्यावर मुगाच्या डाळीचे गरम मंगोडे तळून निघत होते, तिथे गाडी थांबवली तेव्हा ते जागे झाले. द्रोण हातात घेऊन उभे असताना मंगोडेवाल्यानं विचारलं, "अंकलजी, बाहर से आए हैं? घूम लिए जबलपुर?"

"हौ, भेडाघाट देख के आए," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे बोट करून, लांबच्या गिऱ्हाइकालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, त्यांच्या वर्ध्याच्या हिंदीत म्हणाले, "ये मेरी लड़की है। कॉलेज में पढ़ाती है। और गाड़ी अच्छी चलाती है, मैं एकतीस साल ड्रायव्हर था, मेरे को समझता है।"

आई म्हणाली, "अहो, थंड होऊन राहिले, खा."