माझ्या बायकोचा पैलवान

माझी बायको जाऊन आता वर्ष होईल. मी नागपुरात मनीषनगरला मुलाच्या घरी राहतो. सून चांगली आहे, वेळेवर चहा देते. पण भांडायला कोणी नाही. घरात सगळे माझ्याशी हळू बोलतात, जसा मी काचेचा आहे. ती कधी हळू बोलली नाही.

नात म्हणते, आजोबा, आजीचं काहीतरी लिहून ठेवा. मी शाळेत चार वर्षं गेलो, मग गांधीबागेत कापडाच्या गाठी ओढल्या, त्यातच जन्म गेला. लिहिणं माझं काम नाही. पण पैलवानाची गोष्ट आता एकट्या मलाच माहीत आहे, म्हणून लिहितो.

आमच्या लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील. तिच्या माहेरचं एक लग्न आटोपून आम्ही सकाळी बडनेऱ्याला गाडीत चढलो. गाडी कोल्हापूरकडून येणारी. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, पण एक बाक जवळजवळ रिकामा. त्यावर एकच पोट्टा बसला होता, एकोणीस-वीस वर्षांचा. उन्हाळा भर जोरात, खिडकीचा गज हाताला चटका देत होता, आणि ह्याच्या अंगात दोन स्वेटर, वरून घोंगडी, डोक्याला मफलर. हातात तुपाचा रिकामा डबा. चिंच चघळायचा आणि डब्यात थुंकायचा. बाकीचे लोक दूर उभे राहून म्हणत होते, टीबी आहे.

मी बायकोला म्हटलं, "तिकडं नको बसू वं. बिमार हाय तो."

"मंग? बरं झालं ना, जागा भेटली," असं म्हणून ती बसलीसुद्धा. मला म्हणाली, "तुमी राहा उभे."

मी बसलो. उभा कायले राहू?

तिनं त्याला विचारलं, "कुठचा गा तू?" त्यानं नुसती मान हलवली. थोड्या वेळानं विचारलं, "पोळी खातं का?" परत मान. ओठ फाटलेले, गाल आत गेलेले. पण खांदे पाहिले तर दाराच्या चौकटीसारखे. कान मुडपलेले. मला काही समजेना.

पुलगाव गेलं असेल. त्याचे डोळे वर फिरले आणि तो खिडकीवर कलंडला. बायकोनं अंगाला हात लावला. "तवा झाला याचा! लू लागली याले." तिच्या पिशवीत फिरकीचा तांब्या होता, झाकण फिरवून बंद होतो तो. त्यात गूळ घातलेलं कैरीचं पन्हं. तिनं त्याचं डोकं आपल्या दंडावर घेतलं आणि तांब्या तोंडाला लावला. डोळे न उघडता तो प्यायला लागला. गाय हौदावर पिते तसा. तांब्या रिकामा झाला तेव्हा थांबला.

मग त्यानं डोळे उघडले. तांब्याकडे पाहिलं. त्यात बोट घालून पाहिलं. आणि तो एवढा मोठा पोट्टा हमसून हमसून रडायला लागला.

"काहून रडतं? खारं झालं का?" ती म्हणाली.

"किती पाजलंसा?"

"अख्खा तांब्या."

"मावशी, किलोभर वजन घातलंसा की माझ्या अंगात!"

मग त्यानं सांगितलं. तो पैलवान होता, सत्तावन्न किलोच्या गटातला. नागपुरात कुस्त्या होत्या, आणि त्या दिवशी संध्याकाळी वजनं. सत्तावन्नच्या वर काटा गेला की खेळता येत नाही. आधीच्या साली त्याचं वजन थोडक्यात जास्त भरलं होतं, काट्यावरूनच घरी पाठवलं. वस्ताद म्हणाले होते, "औंदा कुस्ती न खेळता आलास, तर तालमीची पायरी चढू नगंस." जोडीदार आदल्या गाडीनं गेले होते. ह्याची आई आजारी, अंथरुणाला खिळलेली, म्हणून हा मागं राहिला. तीन दिवस अन्नपाणी तोडलं होतं. स्वेटर घाम काढायला, चिंच थुंकी काढायला. वर्ध्यापर्यंत वजन बसलं असतं, म्हणाला.

माझी बायको गप्प झाली. ती गप्प झाली की मला भीती वाटायची. थोड्या वेळानं तिनं मला विचारलं, "तुमच्या शेठजीचा काटा आज उघडा असन ना?"

"असन. काहून?"

"पोट्ट्याले मोजाचं हाय. आणि स्टेशनावरून घरी आपल्यासंगं येऊन राहिला तो."

"तुले कोणी सांगितलं?"

"म्या सांगितलं."

तो म्हणाला, "नगं मावशी, माझं जोडीदार असतील तिथं." ती म्हणाली, "म्या भरलं, म्या काढीन. चूप बस. थुक त्या डब्यात."

नागपुरात उतरून त्याला घरी आणला. आमची तेव्हा टिनाची खोली होती. उन्हाळ्यात भरदुपारी त्या खोलीत कुत्रंही बसत नसे. तिनं दार लावलं, चूल पेटवली, त्याला चुलीपाशी बसवलं आणि वरून आमची गोधडी टाकली. आपण समोर बसली, पदरानं तोंड पुसत. शेजारची बाई डोकावून म्हणाली, "काय वं, पाहुणा उबवून राहिली का?"

"हाव. पिल्लू निघालं की सांगते तुले."

गोधडीच्या आतून हसण्याचा आवाज आला. तो पहिल्यांदा हसला ते तेव्हा.

मी माठातलं पाणी घ्यायला गेलो, एक गिलास तिलाही धरला. तिनं तोंड फिरवलं.

"तुले काय झालं वं? तुले थोडंच काट्यावर चढाचं हाय?"

"त्याच्यासमोर पाणी प्यायलं तर त्याले कसं वाटन? तो पिईन तवा मी पिईन."

मी माझं पाणी बाहेर जाऊन प्यालो. खोटं कशाला लिहू.

मग आम्ही गांधीबागेत गेलो. शेठजीच्या गोदामात गाठी तोलायचा मोठा काटा होता. लंगोटावर त्याला काट्यावर उभा केला. मुनीमजी चष्मा वर करून म्हणाले, "काय भाव लावला बे या गाठीला?" मग वजनं सरकवून म्हणाले, "ओली आहे गाठ. सुकवून आणा." अर्धा किलो अजून जास्त होतं.

त्या दिवशी रेल्वे पुलापलीकडं, सदर बाजारातल्या एका दुकानात माल पोचवायचा होता. कुस्त्याही सदरकडेच, मैदानात मांडव टाकून. बायको म्हणाली, "ठेला तो ढकलन. घाम तिथंच निघन." पोट्ट्यानं परत स्वेटर चढवले, घोंगडी घेतली, आणि गाठी भरलेला ठेला ढकलायला लागला. मी पुढून दांडा धरला. बायको बाजूला छत्री घेऊन. सावली मात्र त्याच्या डोक्यावर धरत नव्हती. "उन्हात राह्य," म्हणायची, आणि आपण छत्रीखाली चालायची. रस्त्यावरचे लोक थांबून पाहायचे. एक पानवाला ओरडला, "काकू, हिमालयातून आणला का पोरगा?"

"तुह्या सासऱ्याच्या घरून आणला," ती म्हणाली.

रेल्वे पुलाचा चढ आला तेव्हा मात्र कोणी बोलेना. मी वीस वर्षं त्या चढावर ठेला ओढला, पण असा ढकलणारा मला परत भेटला नाही. तीन दिवस पोटात अन्न नाही, पाय कापत होते, तरी ठेला वीतभरही मागं आला नाही. माथ्यावर पोचल्यावर तो मागं वळला. माझ्या बायकोचे ओठ त्याला दिसले असतील.

"मावशी, तुमी पानी का पित न्हाई?"

"मले तहान नाही."

"लबाड बोलतासा."

"तू आपला ठेला ढकल."

त्यानंतर त्यांची जी दोस्ती झाली ती मी पाहत होतो. एक कोल्हापूरकडचा पैलवान, एक नागपूरची अंगठाछाप बाई, दोघांची बोली निराळी. उतरणीवर तो तिला तालमीची लाल माती कशी करतात ते सांगत होता. त्यात ताक घालतात, लिंबू घालतात, हळद घालतात. ती म्हणाली, "एवढ्यात तर भाजी झाली असती बापा."

सदरला माल उतरवला आणि मैदानावर गेलो. वजनाच्या खोलीत बायांना जाता येत नव्हतं. ती बाहेर लिंबाच्या झाडाखाली थांबली, मी त्याचे कपडे धरून आत गेलो. काटा ठरलेल्या वेळेपर्यंतच उघडा, तोवर कितीही वेळा चढा. तो चढला. दांडी वर टेकली. पडद्याआड लंगोट सोडून चढला. दांडी जराशी खाली आली आणि परत वर गेली. चिमूटभर जास्त. काट्यावरचा माणूस भला होता, म्हणाला, "घाम काढून ये." पोट्टा मैदानाभोवती पळाला, बैठका मारल्या, पण घामच येईना. अंगातलं पाणी संपलं होतं. मग तो माणूस म्हणाला, "मग केस काढ. केवढे वाढवले आहेस, त्यात तुझं वजन निघेल."

त्या वेळच्या फॅशनप्रमाणे त्याचे केस मानेपर्यंत होते, दाट, कुरळे. बाहेर लिंबाखालीच न्हावी बसला होता. त्याच्या जोडीदारांनी त्याला तिथं ओढत आणलं. पण तो बसेना.

"आई जिती हाय माझी," तो म्हणाला. "अंथरुणाला हाय. डोस्कं भादरून घरात शिरलो तर ती काय समजंल? लोक काय म्हंतील? आईच्या जिवापरीस कुस्ती मोठी न्हाई. ऱ्हाऊ दे. जातो म्हागारी."

आमच्यात माणूस डोक्याचे केस आईबाप गेल्यावर काढतो, हे सांगायला नको. जोडीदार एकमेकांकडे पाहायला लागले. मलाही वाटलं, पोट्ट्याचं बरोबर आहे. आत काट्याची वेळ संपत आली होती.

माझी बायको पुढं झाली. "तुह्या मायले काय झालं?"

"उठवत न्हाई तिला. पाय गेल्यात."

"तिच्यासाठी नवस केला का तू?"

"न्हाई."

"अन् पैलवान म्हणवतं! आमची कोराडीची जगदंबा हाय इथं. तिले म्हण, माय, माह्या मायले उभी कर, माहे केस तुले. नवसाचे केस सुतकाचे नसतात. घरी गेल्यावर मायले तेच सांगशीन, तिच्यासाठीच दिले म्हणून. खोटं नाही ते."

मग कोराडी कुठं आहे ते त्यानं विचारलं. तिनं हात करून दिशा दाखवली. त्या दिशेला तोंड करून त्यानं हात जोडले, ओठ हलले, आणि तो न्हाव्यासमोर बसला. तिनं समोर पदर पसरला. न्हावी वस्तरा चालवत होता आणि एकेक झुबका ती पदरात घेत होती. एक केस मातीत पडू दिला नाही, देवीला वाहायचे होते ते.

मी हमाल माणूस. देवीनं काय केलं ते मला माहीत नाही. पण पंधरा पैलवान जिथं अडकले तिथून त्या बाईनं वाट काढली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

तो परत काट्यावर चढला. पांढरंफटक डोकं, आत गेलेले गाल. काट्यावरच्या माणसानं दांडी सोडली. ती हलली, वर गेली, खाली आली, आणि मधोमध थांबली. "सत्तावन्न," तो म्हणाला. "नाव लिही."

बाहेर जोडीदार पाण्याची कळशी घेऊन उभे होते. त्यानं कळशी घेतली आणि सरळ लिंबाखाली गेला. "आधी तुमी," म्हणाला. ती म्हणाली, "आधी तू, वेडा का?" तो कळशी खाली ठेवेना, ती तोंड लावेना. असे दोघं भांडत होते आणि दोघांच्याही जिभा टाळूला चिकटलेल्या. शेवटी मी कळशी हिसकली आणि दोघांच्या ओंजळीत एकदमच ओतली. अर्धं पाणी मातीत गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पहिली कुस्ती मारली. माझी बायको मांडवात उभी राहून ओरडत होती, डाव समजत नव्हता तरी. "पाय धर त्याचा! कायले पाहून राहिला!" दुसऱ्या कुस्तीत तो हरला. समोरचा फार तयारीचा होता. तो खांद्याला माती लागलेला बाहेर आला आणि तिच्यासमोर मान खाली घालून बसला.

"हरलो, मावशी. आता वस्तादाला काय सांगू?"

"वस्ताद काय म्हणे तुहा?"

"कुस्ती न खेळता येऊ नगंस."

"मंग खेळला ना? जिंकून ये म्हणे का तो?"

त्यानं विचार केला. "न्हाई. तसं न्हाई म्हनला."

"तं मंग पायरी चढ ना बिनधास्त. आता जेव."

तिनं भाकऱ्या आणल्या होत्या, झुणका, कांदा, आणि फिरकीचा तांब्या भरून पन्हं. तो जेवायला लागला. मी मोजत होतो, मग मोजणं सोडून दिलं. तिनं स्वतःची भाकर त्याच्या पानात टाकली, मग माझी उचलली.

"अवं, माझी?" मी म्हणालो.

"तुमाले कुठं कुस्ती खेळाची हाय," ती म्हणाली, आणि त्याला अजून झुणका वाढला.