फोटोतले हात

अधिक महिन्यातला दुसरा गुरुवार, सकाळी साडेदहा. रक्कम सहाशे साठ रुपये: तेहतीस अनारसे, वीस रुपयांना एक. हजर तिघं: मी, माझी बायको आणि सदाशिव पेठेतून आमच्या विश्रांतवाडीच्या घरी डबा न्यायला आलेल्या एक काकू.

डबा घेऊन त्यांनी आत पाहिलं.

"फोटोतल्या आजी कुठे आहेत?"

"त्या आमच्या नाहीत," मी म्हणालो. "अनारसे ही करते."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. मग तिच्यामागच्या भिंतीवर, बुद्धाच्या तसबिरीकडे. मग दारावरच्या पाटीकडे, आडनाव वाचायला.

"अहो, आधी सांगायचं ना. जावयाचं वाण आहे. देवापुढे ठेवायचंय." डबा त्यांनी चपलांच्या रॅकवर ठेवला. "तुमच्याबद्दल काही नाही हं. घर अगदी स्वच्छ आहे. पण 'सोवळ्यात केलेले' असं लिहिलंत. ही फसवणूक नाही का?"

शब्द खोटाच होता.

माझी स्टोअरकीपरची नोकरी गेली, तेव्हापासून घर बायकोच्या अनारशांवर चाललं होतं. कुणीतरी म्हणालं, फोटोंच्या अॅपवर पेज काढा, लोक आधी डोळ्यांनी खातात. अशी कामं करणारी एक मुलगी मिळाली. साडेचार हजारांत नऊ फोटो आणि खालचा मजकूर.

ती आली ती स्वतःच्या आजीला घेऊन. नऊवारी, हिरव्या बांगड्या.

"काकू, तुमचे हात नको हं," ती बायकोला म्हणाली. "भाजल्याचे डाग कॅमेऱ्यात फार दिसतात. आजीचे हात ऑथेंटिक वाटतात."

डाग तुपाचे होते. वीस वर्षं केटरिंगच्या कढईपुढे उभं राहून पडलेले.

आजींचा पहिला अनारसा तुपात हसला, म्हणजे विरघळून कढईभर पसरला. दुसराही. मग तळले सगळे बायकोने. आजींनी झारा धरला तेवढा फोटोपुरता. बायको तिच्याच स्वयंपाकघरात दाराशी सरकून उभी. आजींनी पाणी स्वतःच्या बाटलीतलं प्यायलं. अनारसा चाखला नाही. मी हे सगळं पाहत होतो.

मजकूर तपासायला माझ्या फोनवर आला. वजन, दर, फोन नंबर, सगळं दोनदा पाहिलं. नगाचा दर बावीस पडला होता, तो वीस करायला लावला. 'सोवळ्यात केलेले' हाही शब्द वाचला. खोटं सांगणार नाही. ज्या सोवळ्याने माझ्या आईला दुसऱ्यांच्या उंबऱ्याबाहेर उभं केलं, तो शब्द. मी वाचला आणि अंगठा पाठवला. ऑर्डरी हव्या होत्या.

काकू गेल्यावर बायकोने रॅकवरचा डबा उचलून ओट्यावर ठेवला.

"तुम्ही वाचलं होतंत?"

"हो."

"आणि आकडे बरोबर होते."

एवढंच बोलली. अपमान काकूंनी आत्ता केला. त्याच्या आधी तो मी केला होता.

दुपारी फोटोवाल्या मुलीला फोन लावला. नऊही फोटो काढून टाक म्हणालो.

"अंकल, रीच जाईल, पेज लोकांना दिसणारच नाही. तो एक शब्द एडिट करू ना. हात राहू देत."

"हातसुद्धा नकोत."

मग माझ्या साध्या फोनवर मीच फोटो काढला. बायकोचे हात, डागांसकट, तळव्यावर खसखशीत थापलेला अनारसा. मागे भिंत, आहे तशी. खाली लिहिलं: करणारीचं नाव, आडनाव, दर वीस रुपये. आडनाव लिहिताना बोट थांबलं होतं, तेही लिहून ठेवतो.

अधिकाच्या अकरा ऑर्डरी हातात होत्या. शनिवारपर्यंत सात रद्द झाल्या. कारण एकीनेच कळवलं: "घरात मोठी माणसं आहेत, प्लीज समजून घ्या." दोघींनी उत्तरच दिलं नाही. दोघींनी डबे नेले. भिजवलेल्या तांदळांचं पीठ घरात पडून होतं. पुढचा अधिक महिना जवळजवळ तीन वर्षांनी. करण्यासारखं काही नव्हतं.

त्या मुलीने पुन्हा सुचवलं: फोटो राहू द्या, आडनाव तेवढं काढा. नाही म्हणालो. विक्री शून्यावर आली तरी आडनाव राहील, हात राहतील, आणि तो शब्द आमच्या डब्यावर पुन्हा लागणार नाही.

शेवटी दिलेली रक्कम अशी. सदाशिव पेठेतल्या काकूंना सहाशे साठ, त्याच दिवशी परत. फोटोवाल्या मुलीला साडेचार हजार, ठरले तेवढे, पूर्ण. दुसऱ्याच्या हातांचे पैसे मी एकदा दिले. आता देणार नाही.